रसायनी-कर्जतहून एका सकाळीत: सीएसएमटी ते रीगल, मुंबईचे चौक आणि कारंजी पायी कशी पाहायची?

रसायनी, खोपोली, कर्जत या पट्ट्यातल्या लोकांना मुंबई नवी नाही. कोर्टाचं काम, मंत्रालय, परीक्षा, हॉस्पिटल अशा कशा ना कशासाठी फेरी होतेच. सीएसएमटीला उतरायचं, भुयारी मार्गातून बाहेर यायचं, बस किंवा टॅक्सी पकडायची आणि काम संपलं की उलट्या पावली लोकल गाठायची. या धावपळीत ‘फाउंटन’ हे बसस्टॉपचं नाव असतं आणि ‘काळा घोडा’ हा सिग्नल.

पण सीएसएमटीपासून रीगल सिनेमापर्यंतचा हा जेमतेम अडीच-तीन किलोमीटरचा पट्टा मुंबईतला सगळ्यात लोकप्रिय हेरिटेज वॉक आहे. शनिवार-रविवारी सकाळी गळ्यात आयकार्ड अडकवलेला गाइड आणि त्याच्या मागे वीस-पंचवीस जणांचा घोळका इथे हमखास दिसतो. ते नेमकं काय बघत असतात? बहुतेक वेळा इमारती. खरं तर या वाटेवर इमारतींपेक्षा जास्त बोलतात ते चौक आणि त्यातली कारंजी. प्रत्येक कारंज्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा: यातलं पाणी कोणासाठी होतं?

आधी एक फरक समजून घेऊ

कारंजं आणि प्याऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रज दोन्हींना ‘फाउंटन’च म्हणायचे, त्यामुळे घोळ होतो. कारंज्यातलं पाणी उडतं, खाली पडतं, ते बघायचं असतं. प्याऊ म्हणजे आपली पाणपोई. दगडी बांधकाम, तोटी, ओंजळ धरायला जागा आणि खाली अनेकदा बैल-घोड्यांसाठी दगडी डोणी. पहिलं शहराची शोभा वाढवतं, दुसरं तहान भागवतं. फोर्टात दोन्ही प्रकार एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि काही ठिकाणी एकाच दगडात दोन्ही आहेत.

ही कल्पना काही साहेबाने आणलेली नाही. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने पाणी आणलं. ते शनिवारवाड्यात गेलं आणि पेठांमधल्या हौदांतही गेलं. वाड्यातलं हजारी कारंजं पेशव्यांच्या डोळ्यांसाठी होतं, रस्त्यावरचे हौद घागरी भरायला. आणि रसायनीकरांना तर पुण्यापर्यंतही जायला नको. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आहे. घाट चढायच्या आधी किंवा उतरून आल्यावर माणसाने आणि जनावराने पाणी प्यावं, हा त्या जागेचा सरळ उपयोग होता.

मुंबईत कारंजी आली कुठून? दोन गोष्टींमुळे

एक म्हणजे पाणी. १८६० च्या आधी मुंबई बेट विहिरी आणि तलावांवर जगत होतं. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं तेव्हाची. पुढे हिवतापाच्या भीतीने यातले बरेचसे बुजवले गेले आणि नावं तेवढी उरली. दर उन्हाळ्यात पाण्याची मारामार व्हायची. मग हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार विहार तलाव बांधला गेला आणि १८६० मध्ये शहरात पहिल्यांदा नळाचं पाणी आलं. उंचावरचं पाणी उताराने, बंद नळातून येत होतं. दाब असल्याशिवाय कारंजं उडत नाही, त्यामुळे १८६० च्या आधी फोर्टात मोठी कारंजी नाहीत आणि नंतर मात्र एकामागून एक उभी राहिली, यात नवल काही नाही.

(शहर वाढलं की त्याची तहान आणि भूक लांबवर पोहोचते. पुढे १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. वीज करून उरलेलं ते पाणी पाताळगंगेत येतं आणि रसायनीचा सगळा कारखानदारी पट्टा त्यावर उभा आहे.)

दुसरी गोष्ट म्हणजे पैसा आणि मोकळी जागा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी रातोरात श्रीमंत झाले. नेमक्या त्याच काळात, १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रियरने जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली. तट होता तेव्हा आत जायला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. तट गेला, जागा मोकळी झाली, शेठ लोकांच्या हातात पैसा होता, नळात पाणी होतं. आजचे चौक या चार गोष्टींमधून तयार झाले.

पहिला थांबा: मुलाच्या आठवणीतलं कारंजं

सीएसएमटीतून बाहेर पडून जीपीओच्या पुढे मिंट रोडला लागलं की रतनसी मुळजी जेठा यांचं कारंजं लागतं. बरेच जण त्याच्या बाजूने रोज जातात आणि एकदाही वर बघत नाहीत. वर एक मुलगा बसला आहे, हातात पुस्तक घेऊन.

तो धरमसी. रतनसी मुळजी हे कापसाचे व्यापारी होते आणि धरमसी हा त्यांचा एकुलता एक मुलगा. १८८९ मध्ये तो पंधराव्या वर्षी वारला. वडिलांनी त्याच्यासाठी देऊळ किंवा धर्मशाळा बांधली नाही, भर रस्त्यात पाणी ठेवलं. कारंजं १८९४ चं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, म्हणजे ज्याने समोरचं व्हिक्टोरिया टर्मिनस बांधलं त्याचाच. शिल्पकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होतं. खालच्या भागात प्राण्यांची तोंडं कोरली आहेत, ती नीट बघा. शहरातला सगळ्यात मोठा आर्किटेक्ट आणि सगळ्यात मोठं आर्ट स्कूल एका मुलाच्या पाणपोईसाठी कामाला लागलं होतं.

स्टीव्हन्सचं नाव लक्षात ठेवा. वॉक संपतो तिथेही तो भेटणार आहे.

दुसरा थांबा: अग्यारीसारखा दिसणारा टॉवर

तिथून बाजारगेटच्या गल्ल्यांमध्ये शिरायचं. हा फोर्टचा ‘देशी’ भाग. तटाच्या आत असूनही साहेबांची वस्ती दक्षिणेला आणि पारशी, गुजराती, बोहरी व्यापाऱ्यांची दुकानं-घरं उत्तरेला, अशी ही जुनी विभागणी होती. आजही रस्त्याची रुंदी पायाखाली बदलते. गाइड चांगला असेल तर हे तो न बोलता, फक्त चालवून दाखवतो.

पेरीन नरिमन स्ट्रीटवर बोमनजी होर्मसजी वाडिया क्लॉक टॉवर आहे, १८८२ चा. १८६२ मध्ये वारलेल्या या दानशूर पारशी गृहस्थाच्या स्मरणार्थ लोकवर्गणीतून बांधलेला. खाली पाणी, वर घड्याळ. दिसायला तो अग्यारीसारखा आहे, जुन्या इराणी धाटणीचा. त्या काळात हातावर घड्याळ कोणाच्याच नव्हतं आणि घरात नळही थोड्याच लोकांच्या. म्हणजे वेळ आणि पाणी या दोन्ही गोष्टी रस्त्यावर फुकट मिळणारी ही जागा होती. अनेक वर्षं फेरीवाले, केबल आणि धूळ यांच्या गर्दीत हरवलेल्या या टॉवरची डागडुजी झाली आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्ये त्याची दखल घेतली गेली.

याच सुमारास शहरभर पाणपोया उभ्या राहत होत्या. नुसत्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून ४० पाणपोया बांधल्या गेल्या. (रेडीमनी हे आडनाव कसं पडलं असेल, ते सांगायला नको.) लंडनमध्येही तेच चाललं होतं. कॉलरा घाणेरड्या पाण्यातून पसरतो हे जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ मध्ये दाखवून दिलं आणि १८५९ मध्ये तिथे रस्तोरस्ती स्वच्छ पाणी फुकट देणारी एक संस्था निघाली. मुंबईत ही नवी आरोग्याची कल्पना आणि आपली पाणपोईची जुनी पुण्याई एकत्र आली. म्हणून या प्याऊंवर गोथिक कमानी दिसतात, आणि शेजारीच गुजराती अक्षरातली पाटीही दिसते.

फुकट पाणी, पण सगळ्यांना?

इथे थांबून एक अवघड गोष्ट बोलायला हवी, कारण बरेचसे वॉक ती टाळतात. प्याऊवरची पाटी दात्याचं नाव सांगते, साल सांगते, कोणाच्या स्मरणार्थ तेही सांगते. तिथे कोण पाणी पिऊ शकत होतं, हे ती सांगत नाही.

सार्वजनिक पाणी सार्वजनिक आहे, हे या प्रांतात कायदेमंडळाला ठराव करून सांगावं लागलं. सी. के. बोले यांच्या नावाने जो ठराव अनेकदा चुकीचा छापला जातो, तो सीताराम केशव बोले यांचा, १९२३ चा. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असं तो सांगत होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला धरून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोकांना तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं, आणि त्यासाठी मार खावा लागला. महाड आज रायगड जिल्ह्यात आहे, म्हणजे रसायनीच्याच. फोर्टातल्या सुंदर कोरीव तोट्या बघताना हे तळं डोळ्यासमोर ठेवलं तर ‘दान’ या शब्दाचा अर्थ थोडा बदलतो.

तिसरा थांबा: कापसाचं मैदान झालं बाग

बाजारगेटमधून दक्षिणेला आलं की अचानक जागा उघडते आणि समोर गोल बाग येते. हे हॉर्निमन सर्कल. फोर्टातला हा सगळ्यात नेटका चौक, आणि नावापुरताही चौकोनी नाही.

आधी इथे बॉम्बे ग्रीन नावाचं मैदान होतं. त्याला कॉटन ग्रीनही म्हणत, कारण इथे कापसाचे ढीग पडायचे, वजनं व्हायची. १८४४ मध्ये कापूस कुलाब्याला हलवला आणि मैदान ओसाड पडलं. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली शेअर दलाल जमायचे, त्यातूनच पुढे १८७५ मध्ये शेअर बाजाराची संस्था उभी राहिली. दलाल स्ट्रीट इथून दोन मिनिटांवर आहे, ते उगाच नाही.

मैदानाची गोल बाग आणि भोवती एकसारख्या इमारतींचं वर्तुळ करायची कल्पना चार्ल्स फोर्जेटची. हा मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख होता. १८५७ मध्ये मुंबईतल्या शिपायांचा कट वेशांतर करून शोधून काढणारा तोच. त्या प्रकरणात १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मंगल गाडिया आणि सय्यद हुसेन या दोघांना एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी दिलं गेलं. ते एस्प्लनेड म्हणजे आजच्या आझाद मैदानाचा परिसर. म्हणजे पाच-दहा वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने शहराला एक वधाची जागा आणि एक सावलीची बाग दिली.

१८६० च्या दशकात आखलेल्या या वर्तुळाला आधी एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. स्वातंत्र्यानंतर नाव बदललं, आणि गंमत म्हणजे इंग्रजाच्या जागी पुन्हा इंग्रजाचंच नाव आलं. बेंजामिन हॉर्निमन हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक. जालियनवाला बागेच्या काळात त्यांनी सरकारवर इतकं सडकून लिहिलं की १९१९ मध्ये सरकारने त्यांना उचलून इंग्लंडला पाठवलं. परत यायला त्यांना १९२६ उजाडलं. पत्रकाराच्या नावाने चौक ओळखला जावा, ही गोष्ट तशी दुर्मीळ. त्यात समोरच ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत आहे, १८२२ पासून निघणारा पेपर.

बागेच्या मधोमध पूर्वी नक्षीदार कारंजं होतं. ते आज नाही, त्या जागी धातूच्या नळ्यांचं आधुनिक काम आहे. जुन्या फोटोशी ताडून बघितलं तर चुटपुट लागते. तरी बाग छान आहे, पाय दुखायला लागले असतील तर बसायची जागा हीच. नाहीतर समोरच्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिकच्या, ३० पायऱ्या आहेतच. इन्स्टाग्रामवर हजारो वेळा दिसलेल्या त्या पायऱ्या १८३३ च्या आहेत.

चर्च, ज्याच्यामुळे चर्चगेट

सर्कलमधून वीर नरिमन रोडला लागलं की डाव्या हाताला सेंट थॉमस कॅथेड्रल. १७१८ मध्ये सुरू झालेलं हे चर्च. तटबंदीच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे रस्ता यायचा तो चर्च गेट, आणि पुढे त्याच नावाचं स्टेशन. चर्च आणि चर्चगेट स्टेशन यांच्यात एवढं अंतर का, या प्रश्नाचं उत्तर हे.

दारातलं गोथिक कारंजं चुकवू नका. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, ज्याने मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचाही आराखडा केला. पैसे रेडीमनी यांचे. पारशी माणसाच्या पैशातून अँग्लिकन चर्चच्या दारात कारंजं, ही फोर्टातली रीत होती.

फ्लोरा फाउंटन की हुतात्मा चौक?

आता वॉकचा मुख्य थांबा. पाडलेल्या चर्च गेटच्याच जागी १८६४ मध्ये हे कारंजं उभं राहिलं. खरं तर ते इथे यायचंच नव्हतं. पश्चिम भारताच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे राणीच्या बागेसाठी करवून घेतलं होतं. नावही गव्हर्नर फ्रियरचं द्यायचं घाटत होतं. खर्च ४७,००० रुपये, त्यातले २०,००० कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिलेले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, शिल्पं जेम्स फोरसिथची, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड. वर उभी आहे ती फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी.

या कारंज्याला ओंजळ लावायला तोटी नाही. हे निव्वळ बघायचं पाणी. तट पाडून मोकळ्या झालेल्या शहराने स्वतःच्या श्रीमंतीचा केलेला हा थाट होता, आणि पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला तेव्हा त्यातले कित्येक शेठ बुडाले.

मधल्या काळात फ्लोरावर रंगांचे थर चढले, पाणी अडखळायला लागलं. महापालिका आणि इंटॅकने केलेल्या संवर्धनानंतर जानेवारी २०१९ मध्ये कारंजं पुन्हा सुरू झालं. आजूबाजूला खोदकाम झालं तेव्हा डांबराखालून जुने ट्रामचे रूळ वर आले. मुंबईत ट्राम १८७४ मध्ये घोड्यांनी ओढायला सुरुवात झाली आणि १९६४ मध्ये ती बंद पडली, त्यामुळे रूळ बघून ज्येष्ठ मुंबईकर हळवे झाले होते.

आता वळून शेजारचा पुतळा बघा. हातात मशाल घेतलेले दोघे, एक शेतकरी, एक कामगार. हे हुतात्मा स्मारक.

ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. मराठी भाषकांचं मुंबईसह वेगळं राज्य त्यात नव्हतं. पुढे तर मुंबई महाराष्ट्रापासून वेगळीच ठेवायची, असा प्रस्ताव पुढे आला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत संप झाला. गिरण्या, गोद्या, वर्कशॉपमधून निघालेले लोक फोर्टच्या दिशेने आले. त्यांना कायदेमंडळाच्या इमारतीकडे, कौन्सिल हॉलकडे जायचं होतं. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. पोलिसांनी जमाव फ्लोरा फाउंटनला अडवला. लाठ्या झाल्या, अश्रुधूर झाला, मग गोळीबार. त्या दिवशी १५ जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायची घोषणा झाल्यावर पुन्हा शहर पेटलं आणि आणखी कितीतरी लोक गोळ्यांना बळी पडले. सगळे मिळून १०६ हुतात्मे, हा आकडा मराठी माणसाच्या तोंडी बसला आहे. १०५ आणि १०७ हेही आकडे वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं. कंडक्टर अजूनही ‘फाउंटन’च ओरडतो. यात कोणाचा अपमान शोधायचं कारण नाही. पण १ मे आणि २१ नोव्हेंबरला मंत्री इथे हार घालायला येतात ते देवीला नाही, एवढं वॉकमधल्या प्रत्येकाला कळायला हवं. काही इंग्रजी वॉकमध्ये फ्लोराला दहा मिनिटं मिळतात आणि शेजारच्या दोघांना एक वाक्य. हे खटकतं. गाइड पुढे निघाला तर त्याला थांबवून विचारा.

घोडा गेला, नाव राहिलं

महात्मा गांधी रोडने सरळ दक्षिणेला गेलं की काळा घोडा. मूळ पुतळा राजा सातवा एडवर्ड याचा, तो प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा. अल्बर्ट ससून यांनी दिलेला, १८७९ मधला. लोकांनी राजाकडे दुर्लक्ष केलं आणि घोड्याचं नाव जागेला दिलं. १९६५ मध्ये पुतळा हलवून राणीच्या बागेत नेला. थोडक्यात, जे कारंजं राणीच्या बागेत जायचं होतं ते फोर्टात आलं आणि फोर्टातला घोडा राणीच्या बागेत गेला. २०१७ मध्ये इथे नवा घोडा बसवला, पाठीवर कोणीही नसलेला.

शेवटचा थांबा: मोर्चा जिथे पोहोचला नाही

रीगल सिनेमासमोरच्या श्यामाप्रसाद मुखर्जी चौकात मधोमध वेलिंग्टन फाउंटन आहे, १८६५ चं. हेही वर्गणीतून. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८०१ आणि १८०४ मध्ये मुंबईत येऊन गेला, त्याची ही आठवण. वॉटर्लूचा विजेता म्हणून जग त्याला ओळखतं. मराठी माणसाला त्याची ओळख आधीची आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा तोच. १८०४ मध्ये मुंबईने त्याचं स्वागत केलं ते या विजयानंतर. वाडिया टॉवरप्रमाणेच याच्या डागडुजीचीही २०१७ मध्ये युनेस्कोने दखल घेतली.

कारंज्याकडे पाठ करून आता समोरच्या देखण्या दगडी इमारतीकडे बघा. आराखडा पुन्हा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा. १८७६ मध्ये ती खलाशांसाठी बांधली, रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १९२८ पासून तिथे प्रांताचं कायदेमंडळ भरायला लागलं. हाच तो कौन्सिल हॉल, जिथे २१ नोव्हेंबर १९५५ चा मोर्चा निघाला होता. फ्लोरा फाउंटनपासून इथपर्यंत साधारण एक किलोमीटर, रमतगमत पंधरा मिनिटं. वॉकमधले लोक गप्पा मारत, काळ्या घोड्यापाशी सेल्फी काढत हे अंतर सहज पार करतात. विधिमंडळ १९८१ मध्ये नरिमन पॉइंटला गेलं. इमारतीत आता महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे, त्यामुळे आत जाता येत नाही, आणि फोटो काढण्याआधी दारावरच्या शिपायाला विचारलेलं बरं.

जायचं कसं, कधी, कोणाबरोबर?

रसायनी स्टेशन पनवेल-रोहा मार्गावर आहे, पण गाड्या मोजक्या. बहुतेक जण मोहोपाड्याहून रस्त्याने पनवेल गाठून हार्बर लोकल धरतात, ती सीएसएमटीलाच सोडते. कर्जत-खोपोलीवाल्यांना मध्य रेल्वेची लोकल आहे, कर्जतहून दोन तास तरी धरा.

वॉकसाठी रविवार सकाळ सगळ्यात चांगली. ऑफिसं बंद, रस्ते रिकामे, चौकाच्या मध्यापर्यंत नजर जाते. अडचण एकच, रविवारी मेगाब्लॉक असतो. शनिवारी रात्री वेळापत्रक बघूनच निघा. पावसाळ्यात दगड ओला झाल्यावर कोरीव काम उठून दिसतं, पण कॅमेऱ्याची काळजी घ्या. मे महिन्यात सकाळी आठच्या आत सुरुवात करा.

गाइडसह वॉक करणाऱ्या खाजगी संस्था बऱ्याच आहेत. १९९९ पासून चालणारी ‘बॉम्बे हेरिटेज वॉक्स’ ही त्यातली जुनी, भरत गोठोसकर यांची ‘खाकी टूर्स’ अलीकडची. बुकिंग आधी करावं लागतं. वॉक बहुधा इंग्रजीत असतात, मराठीतून हवा असेल तर नोंदणी करतानाच विचारा. आठ-दहा जणांचा ग्रुप असेल तर वेगळा वॉकही ठरवता येतो, शाळा-कॉलेजसाठी तेच सोयीचं. स्वतःच जायचं असेल तर वरचा क्रम धरून चाललं तरी चालेल. थांबत, बसत, चहा घेत तीन तास लागतात.

एक गोष्ट मात्र सोबत न्यायची, पाण्याची बाटली. या वाटेवरच्या जुन्या पाणपोयांच्या बऱ्याच तोट्या कोरड्या आहेत. रस्त्यांची उंची डांबराच्या थरांनी वाढत गेली, जुने नळ तुटले, घरोघरी पाणी आलं आणि वीस रुपयांची बाटली कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळायला लागली. संवर्धन वास्तुविशारद राहुल चेंबूरकर यांच्यासारखे लोक शहरातल्या प्याऊंची डागडुजी करत आले आहेत. दगड स्वच्छ होतो, पाटी वाचता येते, पण तोटीला पाणी टिकवायचं तर रोज कोणीतरी बघावं लागतं. डिलिव्हरीवाले, हमाल, रिकाम्या टॅक्सीत डुलकी काढणारे ड्रायव्हर, फुटपाथवरचे विक्रेते आजही या रस्त्यांवर दिवसभर उन्हात असतात. धरमसीच्या कारंज्याचं पाणी अशाच लोकांसाठी होतं.